पाठीच्या पाण्यात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८० टक्के, टीबीची जनुकीय चाचणी सीबीनॅट निगेटिव्ह : टीबीची औषधं आजच सुरू करायची का?

ग्रामीण_एमओ
पेशंट उमरेडकडचा शेतकरी, वय ३२, वजन ५८ किलो. ९ दिवस ताप आणि डोकेदुखी, दोन दिवसांपासून असंबद्ध बोलणं. मान ताठ, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर, १५ पैकी) १३, फिट नाही. गावात तीन दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन रोज १ ग्रॅम झालंय. प्लेटलेट ८८ हजार, एसजीपीटी (लिव्हरची चाचणी) १४०, मलेरियाची रॅपिड निगेटिव्ह, सीटी नॉर्मल.
एलपी (कमरेत सुई घालून काढलेलं मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी) : पेशी १२०, लिम्फोसाइट ८० टक्के, प्रोटीन १४०, साखर ४२, एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ११. रक्तातली साखर दोन तासांनी केली, १६० आली. सीबीनॅटला १ मिली पाठवलं होतं. टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा टीबी) धरून औषधं आणि डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) सुरू करू का?

काचपट्टी
आधी साखरेचं बघू. ४२ भागिले १६० म्हणजे ०.२६, दिसायला टीबी किंवा बॅक्टेरियल. पण एलपीनंतर डेक्स्ट्रोजचं सलाईन लागलं होतं का? रक्तातली साखर चढली तरी पाण्यात ती पोचायला काही तास लागतात, त्यामुळे गुणोत्तर खोटंच खाली जातं. साखरेचं रक्त एलपीच्या आधी, सुई लावायच्या अगोदर काढायचं, आणि दोन्ही नमुने फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये. साध्या ट्यूबमध्ये पडून राहिलं की पेशी साखर खातात.

सीबीनॅटला १ मिली म्हणजे निगेटिव्हला जवळजवळ अर्थ नाही. पाण्यात जंतू मुळातच कमी असतात. किमान ६ मिली, जमलं तर १० मिली फक्त टीबीसाठी द्या, सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ मशीनला लावायला सांगा. एवढं करूनही निगेटिव्हने टीबी नाकारता येत नाही. मोठ्या माणसात १० मिली काढल्याने नुकसान होत नाही, शरीर तासाला साधारण २० मिली नवं बनवतं.

एडीए ११ टीबीकडे झुकतो, पण बॅक्टेरियल मेनिंजायटिस आणि स्क्रब टायफसमध्येही (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) वाढतो. त्या एका आकड्यावर वर्षभराच्या गोळ्या सुरू करू नका.

कल्चरची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवू नका, मेनिंगोकोकस थंडीत मरतो. व्हायरल पीसीआरची मात्र बर्फावर. पेशी तासाभरात मोजून घ्या, उशीर झाला की त्या फुटतात.

धंतोलीकर
एमओ साहेब, प्लेटलेट ८८ हजार आणि एसजीपीटी १४० बाजूला का ठेवताय? टीबी मेनिंजायटिस सहसा असं करत नाही. पावसाळ्याचा शेवट, शेतात काम, आठवड्याहून जास्त ताप, पाण्यात लिम्फोसाइट : आपल्याकडे हे स्क्रब टायफस सिद्ध होईपर्यंत स्क्रबच. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रबची साथ आली होती, त्यानंतर तरी हे नाव यादीत वर असायला हवं.

अंगावर किडा चावल्या जागची काळी खपली शोधा. सिगारेटने भाजल्यासारखी, न दुखणारी, म्हणून पेशंट स्वतः सांगत नाही. काख, जांघ, नितंबांची घडी, आणि करदोड्याखाली हमखास बघा, करदोडा सरकवून. सापडली नाही तरी स्क्रब असू शकतो. नवव्या दिवशी स्क्रबची आयजीएम एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी) कामाची आहे, वाइल-फेलिक्स या जुन्या चाचणीवर भरवसा नको.

आज सुरू करायचं : सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी. १ ग्रॅम रोज हा मेनिंजायटिसचा डोसच नाही, त्याने जंतू मरत नाहीत, फक्त कल्चर बिघडतं. सोबत व्हँकोमायसिन. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दर १२ तासांनी. पेशंट गिळत नसेल तर शिरेतून, तेही नसेल तर नळीतून. एचएसव्ही (हर्पिस व्हायरस) पीसीआर येईपर्यंत असायक्लोव्हिर १० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ५८० मिग्रॅ, १०० मिली सलाईनमध्ये एका तासात, दर ८ तासांनी. घाईने दिलं तर किडनीत स्फटिक साचतात, क्रिएटिनिन बघत राहा. मलेरियाचा स्मिअर पुन्हा करा, एक रॅपिड पुरत नाही.

आता टीबीची औषधं. त्यातलं रिफाम्पिसिन स्क्रबच्या जंतूवरही चालतं आणि डॉक्सीची रक्तातली पातळीही उतरवतं. दोन्ही एकदम सुरू केलीत आणि पेशंट उठून बसला, तर बरा कशाने झाला हे कळणार नाही. मग स्क्रबच्या पेशंटला १२ महिने गोळ्या. डॉक्सीने स्क्रबचा ताप बहुतेक ४८ तासांत उतरतो. तेवढं थांबा, पण एका अटीवर : जीसीएस घसरला, डोळा तिरका झाला किंवा एमआरआयला मेंदूच्या तळाशी एन्हान्समेंट (औषध टोचल्यावर उजळणारी आवरणं) दिसली तर त्याच दिवशी टीबीचं सुरू. टीबीत वाट बघण्याची किंमत पेशंट मोजतो.

ग्रामीण_एमओ
हो, डेक्स्ट्रोज चालू होतं. आणि टीबीची औषधं सुरू करायची वेळ आलीच तर डेक्सा किती? नातेवाईक दुसऱ्या एलपीला नाही म्हणतायत, कमरेतून पाणी काढलं की पाय जातात म्हणे.

धंतोलीकर
५८ किलोला चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज ४, दोन महिने. नंतर पायराझिनामाइड काढून १० महिने. पायरिडॉक्सिन सोबत. जीसीएस १३ म्हणजे ग्रेड दोन : डेक्सा ०.४ मिग्रॅ प्रति किलो, दिवसाला २३-२४ मिग्रॅ, दर आठवड्याला ०.१ ने कमी. चार आठवड्यांनी तोंडाने रोज ४ मिग्रॅ, मग आठवड्याला १ मिग्रॅ उतरवत थांबायचं. डेक्साआधी एचआयव्ही आणि पाण्यातलं क्रिप्टोकोकल अँटिजेन (क्रिप्टोकोकस बुरशीची चाचणी) करा. क्रिप्टोकोकसमध्ये स्टेरॉइडने नुकसान होतं. सोडियम रोज बघा. कमी आलं म्हणून पाणी तोडू नका, टीबीत बऱ्याचदा मीठच लघवीतून जात असतं. मध्येच गुंगी वाढली तर पुन्हा सीटी, हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) असेल तर न्यूरोसर्जन.

काचपट्टी
नातेवाईकांना पाठीचं मॉडेल नाही तर चित्र काढून दाखवा. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या दोन मणके खाली जाते. पाय जाण्याची भीती सुईपेक्षा न ओळखलेल्या आजारात जास्त आहे, हेही सांगा. फक्त प्लेटलेट त्याच दिवशी पुन्हा करून घ्या, ५० हजारांच्या खाली गेल्या असतील तर थांबा.

मेडिकल_रेसिडेंट
नागपूरच्या मेडिकलला किंवा मेयोला (सरकारी हॉस्पिटलं) पाठवणार असाल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि डॉक्सीचा पहिला डोस पेशंटला १०८ अँब्युलन्समध्ये चढवण्याआधी द्या, वेळ चिठ्ठीवर लिहा. उरलेलं पाणी फेकू नका, सोबत द्या. ब्लड कल्चर मात्र डोसच्या आधीच. आणि चांदीपुरा व्हायरस विचारात आला असेल तर : तो नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडला खरा, पण धरतो लहान मुलांना, आणि एक-दोन दिवसांत कोमात नेतो. ३२ वर्षं आणि नऊ दिवस ताप त्यात बसत नाही.