तिसऱ्या रिचर्डसाठी शब्द कोणता : कुबडा, अपंग की दिव्यांग?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकाच्या प्रयोगाविषयी मराठीत लिहिताना त्यातल्या रिचर्ड राजाला ‘कुबडा’ म्हणणे अवमानकारक ठरते का? त्याऐवजी ‘दिव्यांग’ वापरावे का?

उत्तर : शब्द कोणाच्या तोंडी आहे, यावर ते अवलंबून आहे. पहिल्या अंकात आधीच्या राजाची विधवा मार्गारेट राणी रिचर्डच्या कुबडावरून त्याला विषारी बेडूक म्हणते, आणि चौथ्या अंकात रिचर्डची भावजय एलिझाबेथ राणी तीच शिवी मुद्दाम आठवते. संवादाच्या अनुवादात तेथे ‘कुबडा’च हवा, कारण शिवी सौम्य केली तर दरबार या माणसाचा किती तिरस्कार करतो, हे प्रेक्षकाला कळणारच नाही.

इंग्लंडच्या ऐतिहासिक रिचर्ड राजाबद्दल मात्र हा शब्द चुकीचा आहे. १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत मारल्या गेलेल्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमधील एका वाहनतळाखाली सापडला, तेव्हा त्याचा कणा एका बाजूला वळलेला आढळला. ‘पोक’ म्हणजे पाठ पुढे वाकणे आणि ‘कुबड’ म्हणजे पाठीवरचा उंचवटा. त्या कण्याला दोन्ही लागू पडत नाहीत. नाटकात रिचर्ड जो वाळलेला हात दाखवतो, त्याचाही मागमूस सांगाड्यात नाही.

खरी काळजी नटाविषयी लिहिताना घ्यावी. रॉयल शेक्सपिअर कंपनीत १९८४ मध्ये अँटनी शेर यांनी कुबड्या घेऊन रिचर्ड उभा केला. त्याला ‘सोंग’ म्हणता येईल, आणि दशावताराच्या परंपरेत तो शब्द मानाचाच आहे. त्याच संस्थेत २०२२ मध्ये ही भूमिका करणाऱ्या आर्थर ह्यूज यांचा उजवा हात जन्मतःच वेगळ्या घडणीचा आहे. त्यांनी ‘अपंगाचे सोंग घेतले’ असे लिहिणे असत्यही आहे आणि अन्यायाचेही. मी ‘अपंग नट’ असे लिहीन. ‘दिव्यांग’ शासकीय व्यवहारात रूढ आहे, परंतु नटाच्या देहाला दिव्यत्व चिकटवण्याचा अधिकार समीक्षकाला कोणी दिलेला नाही. नट स्वतः तो शब्द वापरत असेल तर गोष्ट वेगळी.

उपप्रश्न : मग ‘व्यंग’ चालेल का?

उत्तर : आरंभीच्या स्वगतात चालेल, कारण आपण अर्धवट घडून वेळेआधीच जगात आलो, असे रिचर्ड स्वतःच तेथे म्हणतो, आणि ‘व्यंग’ या शब्दात उणेपणाचा तोच भाव आहे. प्रयोगाच्या परीक्षणात ह्यूज यांच्या हाताविषयी लिहिताना मात्र ‘जन्मतः वेगळ्या घडणीचा हात’ एवढेच पुरेसे आहे.