गुराब वर्गाची युद्धनौका : आठ खाचा की आठ भोकं?

कळंब्याचा_कक्षायात्री : आम्हा कोल्हापूरच्या पाच-सहा जणांच्या सामाईक अवकाशकथेत पुढच्या भागापासून 'गुराब' वर्गाची युद्धनौका येतेय. नाव मराठा आरमारातलं, तिथं गुराब म्हणजे शिडाचं मोठं लढाऊ जहाज. २४० मीटरचा कणा, मागं इंजिन, पुढं चालककक्ष आणि कण्यावर आठ खाचा. मोहीम बघून खाचेत खोका बसवायचा : तोफा, इस्पितळ, सैनिक नाहीतर इंधन. गोदीत सहा तासांत अदलाबदल. आमच्या कथेतला ग्रहसंघ कडका आहे, त्याला आठ जातींच्या नौका कुठून परवडणार? डेन्मार्कच्या नौदलानं १९८० च्या दशकात हेच केलं. बदलत्या खोक्यांच्या १४ नौकांनी २२ जुन्या नौकांची जागा घेतली. कुणाचा आक्षेप असेल तर आत्ताच सांगा, भाग अजून लिहायचाय.

शिरोलीचा_फिटर : भावा, नाव एक नंबर. पण खोका सोड, खाचेपाशी उभा राहून बघ. एका खाचेतनं वीज जाणार, डेटा जाणार, हवा, पाणी आणि शीतक, म्हणजे यंत्रं गार ठेवणारं द्रव, जाणार. अवकाशात वारा नाही, उष्णता फक्त प्रारणानं बाहेर पडते. म्हणजे तोफ तापली की तिची धग सांध्यातनंच कण्यावरच्या रेडिएटरपर्यंत न्यावी लागणार.
आमच्या मशीन शॉपमधनं एकदा पंपाच्या फ्लँजचा, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकत्यांचा, अख्खा लॉट परत आला होता. आठ होल, पीसीडी, म्हणजे होल ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, अर्धा मिलिमीटर बाहेर. सात बोल्ट हातानं गेले, आठवा काही जाईना. गिऱ्हाइकाच्या माणसानं हातोडीनं ठोकून घातला आणि गॅस्केट तिथंच फाटलं. हे जमिनीवर, चहा पीत. तुझा कणा एका ग्रहावर बनणार, खोका दुसऱ्या. बसवताना एक बाजू उन्हानं भाजलेली, दुसरी गारठलेली. सहा तास म्हणे!

करवीरचा_बागायतदार : फिटरसाहेब, आमच्यात ट्रॅक्टर एकच हाय. मशागतीला रोटाव्हेटर, हंगामात मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. पिन घातली, निघालो. आता दर अवजाराला येगळं इंजिन घ्यायचं का? कक्षायात्रीचं बरोबर हाय.

भौतिकवाली_बाई : दादा, तीच ट्रॉली घ्या. भरलेल्या दोन ट्रॉल्या चढाला लागल्या की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, बघितलंय ना? इथं रस्ता तरी खाली आहे. अवकाशात इंजिनाचा जोर वस्तुमानकेंद्रातून गेला नाही की नौका स्वतःभोवती फिरायला लागते. डावीकडं तोफा आणि उजवीकडं रिकामं इस्पितळ असेल तर प्रत्येक अदलाबदलीनंतर सगळं गणित नव्यानं.

कळंब्याचा_कक्षायात्री : ते धरलंय, मॅडम. इंजिनाचं झोत सोडणारं तोंड वळतं आणि इंधन या टाकीतून त्या टाकीत ढकलता येतं. तोल सांभाळेल. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक १९९८ पासून तुकडे जोडतच मोठं झालं की.

नाइट_ड्यूटी : स्थानकाचे तुकडे दर मोहिमेला बदलत नाहीत हो. अमेरिकेनं किनाऱ्यालगत लढायला अशाच नौका काढल्या, पहिली २००८ मध्ये आली. २०१६ मध्ये आढावा घेऊन बदलाबदलीचा नाद सोडला, एका नौकेला एकच काम ठरवून दिलं. ती पहिली नौका २०२१ मध्ये निवृत्तसुद्धा झाली.
आणि माणसांचं काय? मी नर्स आहे. वॉर्ड बदलला की पहिल्या रात्री ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठल्या भिंतीला आहे, हे शोधण्यापासून सुरुवात असते. तुमच्या इस्पितळ-खोक्यातली नर्स काल दुसऱ्याच कण्यावर होती. आग लागली तर ती पळणार कुठल्या दारानं?

कळंब्याचा_कक्षायात्री : हा मुद्दा लागला. दारं सगळ्या कण्यांवर एकाच जागी ठेवतो, पण तेवढ्यानं भागणार नाही, कबूल.

जुनं_बंदर : सगळे नावावर खूश, पण गुराब एकटी लढायची का? वारा पडला की गलबतं, म्हणजे तिच्यापेक्षा लहान वल्ह्यांच्या नौका, वल्ही मारत तिला ओढत न्यायची. खाचा काढून टाका. प्रत्येक खोक्याला स्वतःचं छोटं इंजिन आणि रेडिएटर द्या, म्हणजे गलबतच करा. गुराबेनं फक्त लांबचा पल्ला न्यायचा. सांध्यातनं शीतक न्यायलाच नको.

भौतिकवाली_बाई : कल्पना झकास. पण २०२१ च्या जुलैत रशियाचा नाउका विभाग स्थानकाला जोडल्यावर काही तासांत त्याची इंजिनं आपोआप सुरू झाली आणि अख्खं स्थानक दीड फेरी फिरलं. जोडलेल्या गलबताचं इंजिन कुणाच्या हातात, ते आधी लिहा.

कळंब्याचा_कक्षायात्री : पुढचा भागच मिळाला! खाचा आठवरून दोन, त्या फक्त इंधनाला. बाकी सहा गलबतं. एकाचं इंजिन चुकून सुरू होतं, तेही नर्स बसलेल्या इस्पितळाचं.

शिरोलीचा_फिटर : सहा गलबतं म्हणजे सहा कड्या आणि सहा हूक. पीसीडी कोण तपासणार? मला घे कथेत.