एकच ड्रायव्हर, दोन कवचे: आवाजातला फरक नेमका कोठून येतो?

प्रश्न

माझ्याकडे एकाच निर्मात्याचे दोन इअरफोन आहेत. माहितीपत्रकानुसार दोन्हींत १० मिमी व्यासाचा तोच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज निर्माण करणारा भाग, बसवलेला आहे. फक्त एकाचे कवच ॲल्युमिनियमचे आहे आणि दुसऱ्याचे प्लॅस्टिकचे. तरीही धातूच्या इअरफोनमध्ये खर्ज आटोपशीर आणि वरचे स्वर धारदार ऐकू येतात, तर प्लॅस्टिकच्या इअरफोनमध्ये डग्ग्याची घुमक जास्त असते आणि झांजांचा आवाज काहीसा मवाळ होतो. तंबोऱ्याचा भोपळा जसा त्याच्या नादात भर घालतो, तसे कवचाचे द्रव्य स्वतः कंप पावून आवाजाला आपला रंग देते, असा माझा समज आहे. त्याला पुष्टी देणारी एक गोष्टही आढळली. प्लॅस्टिकचा इअरफोन कानात असताना त्याच्या पाठीवर बोट ठेवले, की घुमक लगेच कमी होते. बोटामुळे प्लॅस्टिकचे कंपन थांबते, असाच याचा अर्थ घ्यावा का?

प्रतिसाद १

आपले निरीक्षण मोलाचे आहे, परंतु त्याचा अर्थ वेगळा असावा असे मला वाटते. त्या पाठीवर एखादे बारीक छिद्र किंवा जाळी आहे का, हे कृपया भिंगाखाली पाहावे.

ड्रायव्हरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. पडद्यामागे कवचात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि पोकळी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. पोकळीचे आकारमान निम्मे केले तर हवेचा ताठरपणा दुप्पट होतो. खर्जासाठी पडद्याला सर्वाधिक हेलकावा घ्यावा लागत असल्यामुळे या ताठरपणाचा फटका प्रथम खर्जालाच बसतो. अमेरिकन संशोधक एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग मानून लाउडस्पीकर घडवला, त्यामागचे तत्त्व हेच होते. फरक इतकाच की तेथे पेटी लिटरमध्ये मोजतात आणि येथे पोकळी एखाद्या घनसेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे मिलिमीटरच्या अंशाएवढा फरकसुद्धा जाणवू शकतो. ही स्प्रिंग सैल करण्यासाठीच कवचाला मागे छिद्र ठेवतात आणि त्यावर बारीक जाळी किंवा कागद लावून हवेच्या ये-जा करण्याला मोजून-मापून अडथळा करतात. जाळी दाट की विरळ, यावरून घुमक किती आणि ती किती लवकर शमते हे ठरते. माझ्या मते इअरफोनच्या सबंध रचनेत सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त बोलणारा भाग हाच आहे.

तेव्हा आपल्या बोटाने कंपन थांबले नसून छिद्र बुजले असावे. खात्रीसाठी त्या छिद्रावर कागदी चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून ऐकावे, आणि नंतर छिद्र मोकळे ठेवून कवच फक्त कडेने दोन बोटांत धरून पाहावे. कंपनाचे म्हणणे खरे असेल तर दुसऱ्या वेळीही घुमक कमी झाली पाहिजे.

तंबोऱ्याच्या उपमेबद्दल थोडेसे. तंबोऱ्यात तारेचे कंपन घोडीमार्गे तबलीला आणि भोपळ्याला मिळावे म्हणूनच वाद्याची घडण केलेली असते, कारण एकटी तार फारशी हवा हलवू शकत नाही. इअरफोनमध्ये मात्र पडदा आणि त्याला हलवणारे तारेचे वेटोळे (कॉइल) यांचे वजन मिलिग्रॅममध्ये आणि कवचाचे ग्रॅममध्ये असते. एवढ्या हलक्या वस्तूच्या धक्क्याने कवच हलेल ते अत्यल्प.

प्रतिसाद २

वरील विवेचन मला मान्य आहे, तरी द्रव्य सर्वस्वी निरर्थक आहे असे म्हणता येणार नाही. धातूची भिंत पातळ ठेवूनही मजबूत राहते, म्हणून बाहेरून तेवढ्याच आकाराच्या कवचात आतली पोकळी मोठी मिळू शकते. प्लॅस्टिकचे दोन अर्धे भाग चिकटवताना सांध्यात फट राहिली तर तेथून हवा गळते, आणि डाव्या-उजव्या बाजूंत ती फट सारखी नसेल तर दोन्ही कानांतला खर्ज जुळत नाही. जड कवच कानातून ओघळते आणि पकड सुटते. म्हणजे द्रव्याचा परिणाम होतो, पण तो भूमितीच्या आणि बसण्याच्या वाटेने. वायर कपड्याला घासल्याचा खरखराट कवचातून कानापर्यंत पोहोचतो, तेवढे मात्र घन पदार्थातून जाणारे कंपन खरेच ऐकू येते.

प्रतिसाद ३

आतापर्यंतची चर्चा पडद्यामागच्या हवेची झाली. वरच्या स्वरांच्या धारेचे उत्तर पुढच्या बाजूला शोधावे लागेल.

कर्णनलिका साधारण २५ मिमी लांब असते. ती मोकळी असताना एका टोकाने उघडी व कानाच्या पडद्याच्या टोकाने बंद नळी असल्यामुळे ३ किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, आणि डोके व कानाची पाळी यांची भर धरून कानाच्या पडद्यापाशी तेथे १० डेसिबलहून अधिक वाढ मिळते. इअरफोनने नळीचे तोंड बंद केले की ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते, आणि ती ड्रायव्हर, त्याच्या पुढची पोकळी व नळकांडे (इअरफोनचे कानात जाणारे, टोपी बसवण्याचे टोक) यांच्या अनुनादातून परत घडवावी लागते. नळकांड्यातली हवा वजनासारखी आणि पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. नळकांडे अरुंद व लांब केले तर हे वजन वाढते, अनुनाद खाली सरकतो आणि त्याच्या वरचे स्वर दबतात. ते रुंद व आखूड ठेवले तर झांजा मोकळ्या ऐकू येतात. अनुनादाचे टोक बोचू नये म्हणून तोंडाशी जाळी असते, आणि तिच्यात कानातला मळ साचला तर एका बाजूचा आवाज मंद होतो.

शिवाय दोन्ही टोकांनी बंद झालेल्या नळीत अर्ध्या तरंगलांबीचा नवा अनुनाद येतो. इअरफोनचे टोक आणि कानाचा पडदा यांच्यात २० मिमी अंतर उरले तर तो सुमारे ८.६ किलोहर्ट्झवर, आणि १५ मिमी उरले तर सुमारे ११.४ किलोहर्ट्झवर असतो. म्हणून कवचाचा आकार इअरफोनला कानात किती खोल जाऊ देतो, यावरही धार अवलंबून असते. आणि रबरी टोपी नीट बसली नाही तर खर्ज गळून जातो, कारण खर्जाचा दाब बंद नळीतच टिकतो. आपली तुलना करताना दोन्हींवर त्याच मापाच्या, त्याच प्रकारच्या टोप्या आहेत का, हे आधी तपासावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. प्लॅस्टिकच्या कवचाच्या पाठीवर खरोखरच जाळी लावलेले छिद्र आहे. मी ते नक्षीचा भाग समजत होतो. चिकटपट्टी लावताच घुमक उतरली, आणि कडेने घट्ट धरल्यावर काहीही बदलले नाही. धातूच्या कवचाचे छिद्र त्याच्या निम्म्याहूनही लहान दिसते. टोप्याही वेगळ्या होत्या. दोन्हींवर सारख्या टोप्या लावून आणि प्लॅस्टिकच्या इअरफोनची चिकटपट्टी तशीच ठेवून ऐकले तेव्हा खर्जातले अंतर बरेच कमी झाले. झांजांची धार मात्र अजूनही धातूच्या इअरफोनमध्येच जास्त आहे. मोजून पाहता त्याचे नळकांडे जवळजवळ दीड मिलिमीटरने आखूड आणि तोंडाशी थोडे रुंद भरले.