ग्रुप: बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

४०१ काका: नमस्कार. लिफ्टशेजारी काल जी फ्रेम लागली, तिचे पैसे कोणत्या खात्यातून गेले? कारंज्याचा अनुभव अजून ताजा आहे, म्हणून विचारतो.

सेक्रेटरी: काका, मेंटेनन्समधला एक रुपयाही नाही. २०३ च्या ताईंनी स्वखर्चाने दिली. त्यांच्या कन्येने काढलंय चित्र, टॅबवर.

३०२ वहिनी: काय घर काढलंय गं! झरोक्यातून पडलेलं ऊन, मधल्या खोलीत झोपाळा, त्यावर चुरगळलेली गोधडी. भाजीची पिशवी घेऊन बघतच उभी राहिले, लिफ्ट दोनदा येऊन गेली.

१०४: म्हणजे लिफ्ट चालू आहे तर 😀

१०२: टाकी कधी धुणार?

४०१ काका: चित्र चांगलं आहे. मुद्दा परवानगीचा आहे. आणि हल्ली हे सगळं एआय करतं. दोन ओळी लिहिल्या की घर तयार. कौतुक कशाचं?

२०३ ताई: तीन आठवडे जागलीये पोरगी, काका. क्लास सांभाळून.

३०२ वहिनी: चुलीजवळ नीट बघा. भरीत कुटायची लाकडी बडजी आहे, बाजूला काड्यांचा भारा. एवढं एआयला कोण सांगणार?

१०४: वांगी हिरवी काढलीत भो, जांभळी नाही! पोरगी जळगावचीच.

३०४: ओट्यावर चपलाही कशा ओळीत. आपल्या मजल्यावर काहींनी शिकण्यासारखं.

३०२ वहिनी: नाव घेऊन बोला.

३०४: मी चित्राबद्दल बोलतोय.

५०१ आप्पा: माले मना मामानं घर याद उनं. धाब्याचंच होतं, मातीच्या सपाट छताचं. उन्हाळाभर सगळे वर झोपायचो. फक्त पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकावी लागे, नाहीतर गळायचं.

५०२: आप्पा, आपलं धाबं आत्ताही गळतंय. वॉटरप्रूफिंगचं कोटेशन दिवाळीपासून पडून आहे.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये.

१०२: टाकीचापण मीटिंगमध्येच का?

२०३ ताई: (कन्या बोलतेय) काका, प्रोक्रिएट हे चित्र काढायचं अ‍ॅप आपोआप टाइमलॅप्स ठेवतं. पहिल्या रेघेपासूनचा व्हिडिओ टाकते. भिंती आधी निळसर राखाडी रंगवल्या, सावल्या त्यावर. ऊन सगळ्यात वरच्या, वेगळ्या लेयरवर (थरावर) आहे. तो बंद केला की तीच खोली बंद पडलेल्या घरासारखी दिसते. ए-३ प्रिंटसाठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल घेतले होते. पण स्क्रीनचा उजेड शाईत येत नाही, म्हणून पिवळा थोडा मळका आलाय.

३०२ वहिनी: मळका नाही गं, चुलीच्या धुराने तसाच दिसतो.

१०४: आता बोला काका 😀

१०२: टाकी कधी धुणार? (तिसऱ्यांदा विचारतोय)

सेक्रेटरी: रविवारी १० वाजता. सर्वांनी पाणी भरून ठेवावे. आणि कृपया या ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज टाकावेत.

५०२: वॉटरप्रूफिंग कामाचंच होतं.

४०१ काका: व्हिडिओ पाहिला. दोनदा. मध्ये खुंटीवर टोपी आणि सदरा होता, तो पुसून कंदील का लावला?

२०३ ताई: (कन्या) आई म्हणाली, पसारा दिसतो.

४०१ काका: टोपी ठेवायची होती. खुंटीला टोपी नाही म्हणजे घरात माणूस नाही असं वाटतं.

२०३ ताई: (कन्या) ती लेयर डिलीट नाही केलेली काका, नुसती लपवलीये. परत आणते.

३०४: म्हणजे नवी प्रिंट. खर्च कोणाचा?

४०१ काका: माझा. तुम्ही काळजी करू नका.

३०२ वहिनी: 👏👏

४०१ काका: खाली आलो आहे. फ्रेम डावीकडे झुकली होती, सरळ केली आहे. कोणी हात लावू नये.

१०२: खालीच आहात तर टाकीचं झाकण बघता का?