गटप्रकल्प कशाने जमतो, कशाने फसतो? : तुमचे अनुभव

महाविद्यालयातील गटप्रकल्प खरोखर गटाचा कधी झाला आणि कधी एकाच्याच डोक्यावर बसला, हे नाशिक परिसरातील आजी-माजी विद्यार्थी आणि शिक्षकांनी प्रसंगासह लिहावे, एवढीच विनंती.

अभियंता, सातपूर
शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी द्राक्षाच्या पानांवरचा ओलावा मोजून डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका सांगणारे यंत्र करायला घेतले. सर्किट एकाकडे, प्रोग्रॅम माझ्याकडे, ब्लॅक बुक म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल तिसऱ्याकडे आणि छपाईचा खर्च चौथ्याकडे, ही वाटणी तेव्हा फार शहाणपणाची वाटली होती. दिंडोरीच्या बागेत पहाटे आम्ही दोघेच जात असू. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके ब्लॅक बुक लिहिणाऱ्याला विचारले, की सेन्सर वेलीवर किती उंचीला बांधला होता. त्याने बाग पाहिलेलीच नव्हती. गुण चौघांना सारखेच मिळाले, याची चीड बरीच वर्षे होती. आज दोष त्याचा वाटत नाही, कारण बागेत यावे लागेल असे काम आम्ही त्याला दिलेच नव्हते.

प्राध्यापिका (अर्थशास्त्र), निफाड तालुका
छपाईचे पैसे भरणारा तो चौथा माझ्या प्रत्येक तुकडीत असतो. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या दोरी ओढण्याच्या प्रयोगांत, आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मा भरला होता. ते वाचल्यापासून मी गट चारावर थांबवते. पण नुसती संख्या घटवून भागत नाही. लासलगावच्या कांदा बाजारावरील प्रकल्पात एकाला आवक, दुसऱ्याला लिलावाचे भाव, तिसऱ्याला वाहनभाडे आणि चौथ्याला शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या दिल्या, आणि प्रश्न एकच ठेवला : क्विंटलमागे शेतकऱ्याच्या पदरात किती पडले? चारही वह्या शेजारी मांडल्याशिवाय उत्तर निघत नव्हते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत सुरू केलेल्या, प्रत्येकाला विषयाचा एकेक तुकडा देणाऱ्या जिगसॉ पद्धतीचाच हा घरगुती अवतार. निम्मे गुण तोंडी परीक्षेला ठेवले आणि प्रत्येकाला प्रश्न विचारले ते दुसऱ्याच्या वहीवरचे. मुले कुरकुरली, पण त्या धास्तीनेच एकीने मैत्रिणीची वही चाळली आणि भाडे दोनदा वजा झाल्याचे पकडले.

दूरशिक्षणाची विद्यार्थिनी, अंबड
आम्ही सगळेच नोकरदार, त्यामुळे बैठक रात्री दहानंतर फोनवरच होई. कोणी काय आणि कधीपर्यंत करायचे, हे एक जण लिहून सर्वांना पाठवी आणि ही पाळी दर आठवड्याला बदले. माझ्या पाळीला मी एकदा कंटाळा केला, तर दोघींनी एकाच प्रकरणाचा गोषवारा लिहून आणला आणि आकडे कोणीच तपासले नव्हते.