मदत हवी आहे: १२ डिस्कचा रॅक स्टोरेज घेतला, ६च दिसतात. करंट कमी पडतोय का?

फोटोवाला:
नमस्कार. स्टुडिओसाठी जुना १२ डिस्कचा बॉक्स घेतला. सगळं जोडलं, चालू केलं, पण कॉम्प्युटरला ६च डिस्क दिसतात. उरलेल्या सहांना करंट पुरत नसावा. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. मोठा घेऊ का? परवा एका लग्नाचा डेटा द्यायचाय आणि दोन दिवस ह्यातच गेलेत. लवकर सांगा, प्लीज.

रात्रपाळी:
मॉडेल कोणतं? बॉक्स जोडायचं कॉम्प्युटरमधलं कार्ड कोणतं? केबल किती? पॉवर सप्लाय एक की दोन?

सोलर_काका:
६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट. इन्व्हर्टरवरच टाका. माझ्याकडे १५०० व्हीएचा आहे, दोन बॅटऱ्या, फ्रीज सोडून सगळं घर चालतं.

वायरमन_मिरज:
काका, असं सरसकट सांगू नका. स्क्वेअर वेव्हवर, म्हणजे साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लाटेच्या करंटवर, सर्व्हरचे पॉवर सप्लाय नीट चालत नाहीत, भिंतीतल्या लाईटसारखा प्युअर साईन वेव्हच लागतो. आणि सगळ्यात आधी अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर गडबड आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतावं लागतं.

सोलर_काका:
माझा साईन वेव्हच आहे. आधी विचारायचं तरी.

फोटोवाला:
डेल पॉवरव्हॉल्ट एमडी१२००. कार्ड एलएसआय ९२०७-८ई, केबल एकच. पॉवर सप्लाय दोन, दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डात. न्यूट्रल-अर्थला मीटर १ व्होल्ट दाखवतो.

अल्बम_ताई:
दादा, सगळी लग्नं एकाच बॉक्समध्ये ठेवू नका. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं, हा बॅकअप नव्हे. एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवाच. लोक आयुष्यात एकदाच लग्न करतात, ते फोटो परत काढता येत नाहीत.

फोटोवाला:
ताई, पटतंय, पण आधी डिस्क तरी दिसू देत.

रात्रपाळी:
बाराही डिस्कवर हिरवा दिवा आहे का? बोट टेकवल्यावर थरथर जाणवते का?

फोटोवाला:
हो, बाराहीवर. सुरुवातीला पंखे जोरात घोंगावतात, मग शांत होतात.

रात्रपाळी:
मग करंटचा विषय सोडा. डिस्क सर्वात जास्त करंट ओढते ती फिरायला सुरुवात करताना, साधारण २५ वॅटपर्यंत. एकदा फिरायला लागली की ८-१० वॅट. तुमच्या बाराही फिरतायत, म्हणजे तो टप्पा पार पडलाय.
नेमक्या निम्म्या दिसतात, खूण तिथेच आहे. समोरची जाळी काढा. डाव्या बाजूला एक छोटा स्विच आहे. तो खाली असला की बॉक्स दोन भागांत वाटला जातो, सहा डिस्क मागच्या एका मॉड्यूलला (केबल जोडायचं युनिट), सहा दुसऱ्याला. तुमची केबल एकच, ती एकाच मॉड्यूलला, म्हणून निम्म्याच दिसतात. स्विच वर हवा. चालू असताना हलवून उपयोग नाही. कॉम्प्युटर बंद करा, बॉक्सच्या दोन्ही वायरी काढा, स्विच वर करा. मग आधी बॉक्स चालू करा, दिवे स्थिरावले की कॉम्प्युटर.

सोलर_काका:
तरी यूपीएस मोठा घ्याच. लाईट गेली की कळेल.

फोटोवाला:
खालीच होता! बोटाच्या नखाएवढा स्विच, जाळीमागे दिसतच नव्हता. बाराही आल्या. दादा, खरंच मनापासून आभार.

रात्रपाळी:
छान. आता दोन्ही वायरी एका बोर्डात ठेवू नका. तो बोर्ड गेला तर दोन्ही सप्लाय एकदमच जातील. एक यूपीएसवर, एक थेट भिंतीतल्या सॉकेटला. एकावर सगळा बॉक्स चालतो, म्हणून तर दोन दिलेत. डिस्क जुन्या आहेत ना? डेटा टाकण्याआधी प्रत्येकीचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) काढा.

फोटोवाला:
काढला. ७ नंबरला रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्यामुळे बदललेले भाग) २१६. बाकी सगळ्यांना शून्य. चालेल का?

अल्बम_ताई:
नाही! त्या डिस्कवर कोणाचंही लग्न ठेवू नका.

रात्रपाळी:
ताईंचं बरोबर आहे. ७ नंबर आत्ताच काढा आणि अकरांवरच सुरुवात करा.