थंडीचे टायर कोल्हापुरात? कशाला!

पुण्याहून आंबा घाटात हिवाळ्यात यायचंय, तर विंटर टायर घालू का, असा एकाचा प्रश्न आहे. नको हो. त्यांचं रबर मऊ असतं, साधारण ७ अंशांखाली आणि बर्फावर त्याचा उपयोग. आपल्याकडं जानेवारीतही दुपारी रस्ता तापतो. तिथं ते लवकर झिजतात, पकडही ढिली पडते. मनालीला निघाला असता तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा आहेत त्याच टायरची बाजू वाचा. DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे ३२१९ असतील, तर माल २०१९च्या ३२व्या आठवड्यातला. नक्षी झकास दिसली तरी इतकं जुनं रबर कडक होत जातं, ओल्यात घसरतं. नक्षीच्या खाचेतल्या उंचवट्यापर्यंत झीज आली, म्हणजे खाच १.६ मिमीच खोल उरली, की बदलायचाच. हवा सकाळी गाडी गार असताना बघा. पारा १० अंश उतरला की दोनेक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जाते.

आणि खरं सांगू का, गळीत हंगामात मलकापूरच्या रस्त्याला पहाटे धुक्यात बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढं आली तर कुठलाही टायर कामाचा नाही. फॉग लॅम्प चालतोय का ते आधी बघून घ्या.